फाटकापासून खड्ड्यापर्यंत

२०२१ च्या एप्रिलमधली एक दुपार. कोरोनाच्या साथीत सोलापुरातल्या आमच्या ख्रिस्ती दफनभूमीच्या फाटकाशी एक माणूस थांबला आणि त्याला पुढचं पाऊल टाकता येईना. अंगात पांढरा किट, हातात दुहेरी मोजे, तोंडाला मास्क, त्यावर प्लास्टिकची पारदर्शक पट्टी. बरोबरचे सहा जण शवपेटी घेऊन आत गेले. फाटकापासून खड्डा चाळीस पावलांवर होता. वीस मिनिटांत सगळं आटोपून ते सहा जण परत आले, तरी हा तिथंच होता, एका हातानं फाटकाचा लोखंडी गज धरून. तो आतून घामानं चिंब झालाय आणि इतका वेळ रडतोय, हे किट उतरवताना कळलं.

हे त्या माणसाचं प्रकरण आहे. मी त्याची शब्बाथशाळेतली, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबल वर्गातली बाई. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गृहभेटीचं काम बघते. साथीत गृहभेटी बंद झाल्या, तेव्हा ते सगळं काम फोनवर आलं. त्याच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव देत नाही आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. लिहायचं कारण सांगते. त्या आठवड्यात आम्ही त्याला धीर द्यायला गेलो आणि आधी त्याला आणखी खाली ढकललं. ती चूक माझीही होती. दुसऱ्या मंडळ्यांत हेच काम करणाऱ्यांना हे वाचून उपयोग व्हावा.

ते दिवस

त्या वर्षी शुभ शुक्रवार २ एप्रिलला आला आणि ईस्टर ४ तारखेला. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवरचे संदेश आम्ही घराघरांत मोबाइलवर ऐकले. १४ एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यभर निर्बंध लागले. सोलापुरात पहिल्या लाटेत २०२० च्या एप्रिलपासून लोकांनी मरणं पाहिली होती, पण दुसऱ्या लाटेत मरण ओळखीच्या घरात आलं. सकाळी फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. ऑक्सिजनची खाट, रेमडेसिव्हिर, प्लाझ्मा हे शब्द विड्या वळणाऱ्या आमच्या बायकांच्याही तोंडी बसले होते.

आमच्या मंडळीत रेल्वेवाले आहेत, शिक्षक आहेत, यंत्रमागावरचे कामगार आहेत, आणि नर्सिंग तर घरोघरी आहे. त्यामुळे भीती आमच्याकडे बातम्यांतून कमी आणि ड्युटीवरून परत आलेल्या लेकीसुनांच्या चेहऱ्यावरून जास्त आली. माझी आजी सांगायची की प्लेगात गावं ओस पडायची, लोक रानात झोपड्या घालून राहायचे, आणि प्रेताला खांदा द्यायला सख्खा भाऊ यायचा नाही. लहानपणी मला ते खोटं वाटायचं. २०२१ मध्ये आजीचं बोलणं डोळ्यांसमोर घडताना पाहिलं.

घरात एक जण गेला की उरलेले विलगीकरणात असायचे किंवा स्वतः खाटेवर. पुरायला माणूस कुठून आणायचा? रेल्वेतून निवृत्त झालेल्या अण्णांनी हे काम अंगावर घेतलं आणि सात जणांचा गट केला. खड्डा खणणारं कुटुंब जुनं होतं, तेही मागे हटलं नाही. सोलापूरच्या काळ्या मातीखाली मुरूम लागतो. उन्हाळ्यात तो फोडायला किती कष्ट पडतात, ते त्यांच्या हातांकडे बघून कळायचं. या सातांतला सगळ्यांत धाकटा म्हणजे ज्याच्याविषयी लिहिते तो.

माणूस

वय चौतीस. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. माग बिघडला की त्याला हाक मारायची. घरी बायको, सहा वर्षांची मुलगी आणि साखरेचा त्रास असलेली आई, चौघांना मिळून दोन खोल्या. रविवारी उपासनेत पेटी तोच वाजवतो. अबोल आहे. लहानपणी वचन पाठ म्हणायला उभा केला की घाबरून गिळायचा, पण तेच वचन गाण्यात बसवून दिलं की न चुकता म्हणायचा. हे मला आठवत होतं. त्याचा उपयोग मात्र फार उशिरा सुचला.

गटात तो आपणहून आला होता. अण्णांनी नावं मागितली तेव्हा त्यानं पहिल्या पाचांत हात वर केला. भित्रा माणूस पुढे येतच नाही, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव उलटा आहे. कधी कधी ज्याला सर्वांत जास्त भीती वाटते तोच आधी हात वर करतो. ती भीती एकट्यानं घरात बसून सोसण्यापेक्षा चार जणांत जाऊन सोसावी, असं त्याला आतून वाटत असतं.

आम्ही काय केलं ते

फाटकावरचा प्रसंग संध्याकाळपर्यंत मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत सगळ्यांना कळला. एक वडील, म्हणजे मंडळीतले एक ज्येष्ठ, गटाच्या व्हॉट्सॲपवर लिहून गेले की विश्वास कमी पडला की असं होतं. नाव लिहिलं नव्हतं, पण न कळण्यासारखं काय होतं? मी त्याला रात्री बायबलमधलं स्तोत्र ९१ पाठवलं. तुझ्या बाजूला हजार पडले, उजव्या हाताला दहा हजार पडले, तरी ते तुझ्याजवळ येणार नाही, हेच ते स्तोत्र. त्या दिवसांत ते सगळीकडे फिरत होतं. कुणी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं, कुणी उशीखाली ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं: "बाई, स्तोत्र तर खोटं नसणार. मग मीच खोटा."

एवढ्या एका ओळीनं माझी झोप उडाली. त्या रात्री मी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढला. याच स्तोत्रातले शब्द येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करून सैतानानं ऐकवले आहेत: उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असं लिहिलंय ना? आणि प्रभूनं ते नाकारलं. देवाची परीक्षा पाहू नको, असं म्हणाला. वर्षानुवर्षं मी हा धडा मुलांना शिकवला, आणि वेळ आली तेव्हा तेच स्तोत्र एका घाबरलेल्या माणसाच्या हातात ताईत म्हणून दिलं. ताईत लागू पडला नाही की माणूस ताईताला दोष देत नाही, स्वतःला देतो. त्यानं तेच केलं होतं.

स्तोत्रात खोट काहीच नाही. मी ते चुकीच्या वेळी, चुकीच्या कामासाठी पाठवलं होतं. हे मी त्याला फोन करून सांगितलं आणि माफी मागितली. बाईंनी माफी मागितली याचंच त्याला अवघडल्यासारखं झालं. पण त्यानंतर तो बोलायला लागला.

तीन दिवसांचे फोन

पहिल्या दिवशी तो पोटातल्या पोटात कुढत होता. दुसऱ्या दिवशी मी एकच विचारलं: फाटकाशी उभा होतास तेव्हा डोळ्यांपुढे नेमकं काय आलं? मग एकेक निघालं.

सगळ्यांत आधी मुलगी. आपण ते अंगावर घेऊन घरी गेलो तर? मग आईची साखर. मग चाळीतले लोक: यानं कोरोनाची प्रेतं पुरली हे कळलं तर पाणी बंद करतील, घरमालक खोली सोडायला लावेल. चेन्नईत २०२० च्या एप्रिलमध्ये डॉ. सायमन हर्क्युलीस कोरोनानं गेले, तेव्हा दफनाला नेणाऱ्या रुग्णवाहिकेवर जमावानं दगडफेक केली होती. शेवटी त्यांचे सहकारी डॉ. प्रदीप कुमार यांनी दोन वॉर्डबॉयना घेऊन, हातात फावडं धरून त्यांना पुरलं. ही बातमी आमच्या घराघरांत वाचली गेली होती. त्याच्या मनात ती वर्षभर घर करून बसली होती.

त्याहून आत आणखी एक होतं, ते सांगायला त्याला लाज वाटत होती. प्लास्टिकच्या पिशवीतला माणूस हलला तर? कसलासा व्हिडिओ कुणीतरी पाठवला होता, तो त्यानं तीनदा पाहिला होता.

यातल्या प्रत्येक गोष्टीला प्रार्थनेआधी सरळ उत्तर हवं होतं, आणि ते होतं. मंडळीतल्या एका सिस्टरनं, जी स्वतः कोविड वॉर्डात ड्युटी करत होती, त्याला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या १५ मार्च २०२० च्या सूचना फोनवर वाचून दाखवल्या. नेहमीची काळजी घेतली तर मृतदेहापासून हाताळणाऱ्यांना किंवा घरच्यांना जास्तीचा धोका संभवत नाही. पिशवी बाहेरून एक टक्का हायपोक्लोराइटनं पुसलेली असते. आंघोळ घालायची नाही, मुका घ्यायचा नाही, मिठी मारायची नाही. पण शास्त्रवाचन करता येतं, तीर्थ शिंपडता येतं, शरीराला हात न लावता जे विधी होतात ते सगळे करता येतात. त्यानं तिला पुन्हा वाचायला लावलं. "शास्त्रवाचन चालतं? सरकारनं लिहिलंय?" त्याला वाटत होतं की आपण चोरून काहीतरी उरकतोय. ते रीतसर, परवानगीचं, मान्य काम आहे हे कळल्यावर त्याच्या आवाजात फरक पडला. भीतीतला केवढा मोठा भाग नुसत्या अज्ञानाचा असतो! तेवढा भाग देवावर ढकलू नये. सिस्टरनं त्याला श्वास हळू सोडायलाही शिकवलं, आणि छातीतली धडधड म्हणजे हार्टअटॅक नव्हे हे समजावलं. तरी डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यायला लावलंच.

तिसऱ्या दिवशी मला कळलं की तो चार रात्री झोपलेला नाही आणि धड जेवलेलाही नाही. बायबलमधला एलीया संदेष्टा घाबरून रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकरी आणि पाणी दिलं, झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा खाऊ घातलं. अण्णांच्या घरून त्याच्या दारात ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी आणि दही गेलं. दोन दिवस सलग. बायकोनं त्याला दुपारी झोपवलं.

आणि त्या झोपेतून उठल्यावर संध्याकाळी त्यानं स्वतःहून फोन केला. मुख्य गोष्ट तेव्हा निघाली.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये त्याचे मामा गेले. वडिलांनंतर त्याला त्यांनीच वाढवलं होतं, पेटीही त्यांनीच शिकवली. ते दवाखान्यात होते तेव्हा यानं अकरा दिवस उपास करून प्रार्थना केली होती. मामा गेले. त्यानंतर तो दर रविवारी मोबाइलवरच्या उपासनेत पेटी वाजवत राहिला आणि हे कुणाशीच बोलला नाही.

"बाई, मरणाला मी भीत नाही एवढा. मी तिथं गेलो, खड्ड्यापाशी, आणि तो तिथं नसला तर?"

तो म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

अरिमथाईचा योसेफ

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तसं मी त्याला सांगितलं. मामांसाठी केलेल्या प्रार्थनेचं काय झालं, हे मला आजही माहीत नाही. ज्यांना ते माहीत असतं त्यांच्याकडे घाबरलेल्या माणसाला पाठवू नये, असं माझं मत झालं आहे.

पण तीनच आठवड्यांपूर्वी शुभ शुक्रवार होऊन गेला होता आणि दफनाचा उतारा डोक्यात ताजा होता. मी त्याला म्हटलं, आपण फक्त एवढा उतारा वाचू, दोघं मिळून, फोनवर. त्यानं मार्कचं शुभवर्तमान काढलं, मी योहानाचं.

प्रभूला कुणी पुरलं? पेत्रानं नाही. मी तुझ्याबरोबर मरेन म्हणणारा हा शिष्य त्या वेळी कुठेच नव्हता. पुरलं अरिमथाईकर योसेफानं. आणि योहान त्याच्याविषयी काय लिहितो? तो शिष्य होता, पण लोकांच्या भीतीनं गुप्तपणे. बरोबर निकदेम आला, जो पहिल्यांदा प्रभूकडे रात्री, अंधारात आला होता. म्हणजे शास्त्रानं ज्यांच्या लपूनछपून वागण्याची नोंद ठेवली आहे, ती दोन माणसं त्या संध्याकाळी पुढे झाली. आणि मार्क नेमकं तिथंच लिहितो की योसेफ धैर्य करून पिलाताकडे, म्हणजे रोमन सुभेदाराकडे गेला आणि येशूचं शरीर मागितलं. सगळं संपल्यावर, काहीही मिळण्यासारखं उरलं नसताना, त्याला धैर्य आलं. तेही एका प्रेतासाठी.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्याला माहीत नव्हतं ना बाई, रविवारी काय होणार ते."

"नव्हतं."

"आणि देव काही बोलला पण नाही त्याच्याशी."

"नाही बोलला."

मग मी त्याला माझ्या मनातलं सांगितलं, जे तोवर मी कधी शब्दांत मांडलं नव्हतं. त्या संध्याकाळी योसेफाला कुणी विचारलं असतं की देव कुठे आहे, तर त्याला सांगता आलं नसतं. आणि देव तर त्याच्याच हातांत होता, तागाच्या कापडात गुंडाळलेला, गार पडलेला. आपण ज्याला मानतो तो स्वतः त्या खड्ड्यात उतरून आलेला आहे. तू तिथं जाशील तेव्हा तुला तो जाणवेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. योसेफालाही जाणवला नव्हता.

ते बोलणं तिथंच थांबलं. तो बदलला असं मी म्हणणार नाही. त्यानं एवढंच विचारलं की पुढचं दफन कधी आहे.

स्तोत्र २३ विषयी इथंच लिहून ठेवते, कारण ते त्याला दोन दिवसांनी आपलं आपण सुचलं. पेटीवर बसून गुणगुणताना त्याच्या लक्षात आलं की सुरुवातीला स्तोत्रकर्ता दावीद देवाविषयी बोलतो: तो मला हिरव्या कुरणांत बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. आणि मृत्युच्छायेच्या दरीत शिरल्यावर 'तो'चा 'तू' होतो: तू माझ्याबरोबर आहेस. एवढी वर्षं शिकवूनही मी हे कधी पाहिलं नव्हतं. गाणाऱ्याच्या कानाला ते ऐकू आलं.

चाळीस पावलं

अण्णांनी पुढचं काम फार शहाणपणानं केलं. रेल्वेत माणसं हाताळलेला माणूस. ते म्हणाले, याला एकदम पेटी उचलायला लावायची नाही, आधी तालीम करू. उपासनामंदिर बंदच होतं. आत एका बाकावर ज्वारीची दोन पोती बांधली, त्यावर चादर टाकली, खाली दोर घातले आणि सात जणांनी तो बाक उचलून अंगणातल्या एका आखलेल्या चौकोनात उतरवायचा सराव केला. किट चढवायचा, उतरवायचा, कुठला मोजा आधी काढायचा, कुणी कुणाच्या पाठीवर फवारायचं. दोर सोडताना सातही हात एका लयीत चालावे लागतात. एकाचा हात आधी सुटला तर पेटी कलते. त्यानं लगेच ओळखलं की ही मागासारखीच गोष्ट आहे, ताण सगळीकडून सारखा पाहिजे. तालमीच्या दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना तो दोर कसा धरायचा ते दाखवत होता.

मी एक वही केली. तारीख, कोण आलं, कुणी काय केलं. त्यात शेवटचा रकाना ठेवला: आज भीती किती. अण्णा आधी नको म्हणत होते, माणसं लाजतील म्हणाले. पहिल्याच दिवशी स्वतः अण्णांनी त्यात 'बरीच' असं लिहिलं. अडुसष्ट वर्षांच्या अण्णांना भीती वाटते हे वाचून बाकीच्या सहा जणांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. या प्रकरणात कुठल्या एका गोष्टीनं सगळ्यांत जास्त काम केलं असं विचाराल, तर मी तो रकाना सांगेन. 'भिऊ नको' हे वचन आपण इतक्या वेळा ऐकवतो की भ्यालेल्या माणसाला आपली भीती हाच गुन्हा वाटायला लागतो. खरं तर शास्त्रात ते शब्द जवळजवळ नेहमी घाबरलेल्या माणसालाच म्हटले आहेत. आणि अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू स्वतः किती व्याकूळ झाला, हा प्याला टळो असं म्हणाला, हे शुभवर्तमानांनी लपवलेलं नाही.

पुढच्या दफनाला तो फाटकातून आत गेला आणि अर्ध्या वाटेवरच्या कडुलिंबाखाली थांबला. फवारणीचा पंप त्याच्याकडे होता, तेवढं काम त्यानं केलं. वहीत लिहिलं: 'खूप. लिंबापर्यंत.' कुणी काही बोललं नाही. घरी गेल्यावर तो बाहेरच्या नळावर आंघोळ करून वेगळ्या कोपऱ्यात झोपला, मुलीला दुरून हात केला.

त्याच्या पुढचं दफन ज्यांचं होतं त्या मावशी आयुष्यभर विड्या वळून मुलांना शिकवलेल्या. एक मुलगा दवाखान्यात ऑक्सिजनवर, दुसरा घरी विलगीकरणात, सून पॉझिटिव्ह. घरचं एकही माणूस येऊ शकत नव्हतं. धाकट्या मुलानं मला फोन करून एकच मागितलं: "आईला मुक्यानं पुरू नका. तिचं गीत म्हणा."

पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, स्वतः तापानं पडून होते. अण्णांना गाता येत नाही, वाचन तेच करणार होते. मी फोन खाली ठेवला आणि तेव्हा कुठं मला तो शब्बाथशाळेतला मुलगा आठवला, ज्याचा बोलताना आवाज अडायचा आणि गाताना मोकळा व्हायचा. त्याला विचारलं. तो म्हणाला, "मास्कमधून ऐकू येईल का बाई?"

त्या दिवशी तो चाळीस पावलं चालला. उजव्या बाजूचा मागचा दोर त्याच्या हातात होता. मी फाटकाबाहेर होते, मला आत जायची परवानगी अण्णांनी दिली नव्हती, म्हणून जे सांगते ते ऐकलेलं आहे, पण गाणं मात्र मी स्वतः ऐकलं. पहिली ओळ फाटली. दुसरी ओळ त्यानं सोडूनच दिली. तिसरीपासून आवाज लागला, आणि मग बाकीच्यांनी धरला. दुपारचं ऊन, किटच्या आत जीव गुदमरलेला, मास्कमागून घुमल्यासारखा येणारा सात जणांचा आवाज. अण्णांच्या खिशातला फोन चालू होता, पलीकडे मावशींचा मुलगा ऐकत होता. दोर सरकत गेले, पेटी सरळ बसली. त्यानं नंतर मला सांगितलं की खड्ड्यापाशी त्याला काहीच विशेष जाणवलं नाही, फक्त दोर एकसारखा सोडायचा एवढंच डोक्यात होतं. "पण बाई, रिकामं पण नाही वाटलं."

जे सुटलं नाही ते

देवाच्या उपकारांचे अनुभव साक्षीच्या सभेत सांगतात तसं हे प्रकरण गोड करून सांगता येणार नाही. गटातले दोघे मे महिन्यात पॉझिटिव्ह झाले, एकाला नऊ दिवस ऑक्सिजन लागला. ते दोघेही बरे झाले. पण मावशींचा ऑक्सिजनवरचा थोरला मुलगा गेला, आणि त्यालाही याच सात जणांनी आईशेजारी ठेवलं. आम्हाला देवानं राखलं, असं मी म्हणायला गेले तर त्या घरच्यांनी माझ्याकडे कसं बघायचं? म्हणून मी ते म्हणत नाही. उपकार मानते, हिशेब मांडत नाही.

एकाला आम्ही गटातून परत पाठवलं. त्याला दमा होता आणि जिद्द फार होती. त्याला वाटलं आपला विश्वास तपासला जातोय. जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये १५२७ साली प्लेग आला तेव्हा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर गाव न सोडता राहिला. त्यानं तेव्हा लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की मी औषध घेईन, घराला धूर देईन, जिथं माझी गरज नाही तिथं जाणार नाही, म्हणजे माझ्या निष्काळजीपणानं दुसरा मरणार नाही. पण शेजाऱ्याला माझी गरज पडली तर जाईन. दम्याच्या त्या भावाला मी हे सांगितलं आणि किटचा हिशेब, डब्यांची ने-आण, विलगीकरणातल्या घरांना फोन, ही कामं दिली. तो खूश नव्हता. आजही त्याला वाटतं की त्याला मागं ठेवलं.

व्हॉट्सॲपवर लिहिणारे वडील त्या विषयावर आजतागायत बोललेले नाहीत. पेटीवाल्यानं त्यांना मनातून माफ केलंय असं तो म्हणतो. मला ते अजून जमलेलं नाही, त्यासाठी मी प्रार्थना करते.

आणि त्याची भीती गेलेली नाही. रुग्णवाहिकेचा आवाज आला की त्याचा हात अजून पेटीच्या भात्यावर थबकतो. मुलगी जरा शिंकली तरी तो रात्रभर जागा असतो. मामांबद्दलचा प्रश्नही तसाच आहे. आम्ही कधी कधी त्यावर बोलतो, बहुतेक वेळा नुसते बसतो.

जूनमध्ये लाट ओसरली. गटाचं शेवटचं दफन महिन्याच्या अखेरीस झालं, पाऊस पडून गेला होता आणि माती चिकट होती. वही माझ्याकडे आहे. त्या दिवशीच्या रकान्यात अण्णांनी 'कमी' लिहिलंय, तिघांनी काहीच लिहिलेलं नाही, आणि त्यानं, गिचमिड अक्षरात, 'आहे. आलो.' असं लिहिलंय. त्याच्या खालीच दोराची लांबी टिपून ठेवली आहे, कारण जुना दोर झिजला होता आणि नवा आणायला त्याच संध्याकाळी कुणीतरी बाजारात जाणार होतं.